स्क्रिप्टमधली शेवटची ओळ

या ग्रुपवरचे बरेच जण माझ्यासारखे टर्मिनलवरच, नुसती अक्षरं दिसणाऱ्या पडद्यावर, मेल वाचतात, म्हणून तुम्हालाच सांगते.

अटॅचमेंट उघडायला मी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली होती. पीडीएफ असेल तर दाखव, फोटो असेल तर दाखव. आणि शेवटची ओळ, बाकी काहीही असेल तर सोडून दे.

माझे वडील, अण्णा, गावी ब्राह्मणपुरीला असतात. त्यांना मोबाईलवर टाइप करणं जमायचं नाही. मला पुण्यात त्यांचे मेल यायचे, पण आत एक अक्षर नसायचं. मग त्यांचा फोन यायचा, "मेल भेटना का?" म्हणजे मिळाला का. वाईट वाटू नये म्हणून मी म्हणायचे, "हा अण्णा, भेटना."

दिवाळीनंतर त्यांना लकवा झाला आणि वाचा गेली. तेव्हापासून मी गावीच आहे.

आज सकाळी त्यांच्या खाटेशी बसून स्क्रिप्टची ती शेवटची ओळ बदलली, म्हणजे कुठलीही फाइल उघडावी. चालते का बघायला त्यांचाच एक जुना मेल उघडला, आणि लॅपटॉपमधून अण्णा बोलले.

"बेटा, तुन्ही माय मिरच्या सुकाडी ऱ्हायनी. तू कवय येशी?"

असे एकोणीस मेल निघाले. सगळ्यांत त्यांच्या आवाजाची फाइल होती, आणि शेवटी हाच प्रश्न, कधी येशील.

अण्णांनी आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हे पहिल्यांदाच ऐकतेय, हे त्यांना कळलं.

मी म्हटलं, "अण्णा, मी उनू ना." आलेय ना मी. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तुमच्या 'बाकी काहीही'त कोण पडलंय, एकदा बघाल का?