मायच्या खात्यातला गावाचा वाटा

"तीन महिने तुमच्या आईचं उत्पन्न शून्य आहे," व्हिसाचा एजंट म्हणाला. नागपूरला दुसऱ्या माळ्यावर त्याचं ऑफिस होतं. टेबलाच्या काचेखाली बर्फाचे, पुलांचे, जुन्या चर्चचे फोटो सरकवलेले होते. माय माझ्या शेजारीच बसली होती, पण तो बोलत होता माझ्याशी.

"पावसाळ्यात पार्क बंद राह्यते," मायनं सांगितलं.

"मला समजतं हो मॅडम. पण तिकडच्या ऑफिसरला कसं समजणार?"

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बँकिंगच्या पेपरात मला चांगले मार्क पडतात. पण त्या क्षणी मला काही सुचलं नाही. आता सुचतं, रोज सुचतं. तिकडच्या माणसांना वाघ बघायला यायचं असतं तेव्हा पार्क कधी बंद आणि कधी चालू, हे त्यांना बरोबर समजतं. तिकिटंही ते त्याच हिशेबानं काढतात. फक्त माझ्या मायच्या खात्यात तोच बंद पार्क दिसला की त्यांना समजत नाही.

माझी माय वाघांच्या पार्कच्या मोहर्ली गेटवर गाईड आहे. आमचं गाव तिथून जवळच, जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यात. बाबा गावच्या तलावात मासोळ्या धरतात आणि दोन एकरात धान लावतात. मायला फेरीमागे पैसे मिळतात, तेही हातात. कोणी खूश झालं तर वर थोडे जास्त. ते पैसे घरी येतात, तांदळाच्या डब्यामागच्या दुसऱ्या डब्यात जातात, तिथून किराण्याला, औषधाला, कॉलेजसाठी चंद्रपूरला घेतलेल्या माझ्या रूमच्या भाड्याला. बँकेपर्यंत पोचायच्या आधीच बहुतेक पैशांचं काम झालेलं असतं. आमच्या घरी उपासमार नाही. कोणाचं देणंही नाही. पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बघितलं तर आम्ही जवळजवळ नसल्यासारखेच आहोत.

मायला जायचं होतं ते एका बाईंकडे. त्या बाई परदेशातल्या, मायपेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, नवरा वारलेला. सात-आठ वर्षं त्या दर हिवाळ्यात यायच्या. पहिल्या वर्षी वाघ बघायला आल्या होत्या. पुढे त्यांनी वाघाचं नाव काढणंही सोडलं. रिसॉर्ट सोडून आमच्या छपरीत राहायला लागल्या आणि दुर्बीण घेऊन मायसोबत गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसायच्या. मायला पंधरा-वीस पक्ष्यांची इंग्रजी नावं आणि थोडं सफारीपुरतं इंग्रजी, बाईंना मराठीतले दहा शब्द. तेवढ्यावर दोघी दुपारभर बसत. सुरुवातीला बाई मासोळीच्या काट्यांना घाबरायच्या, तेव्हा माय त्यांच्या ताटातले काटे वेचून द्यायची. नंतर त्या स्वतःच वेचायला शिकल्या आणि ताटाच्या कडेला रांगेत मांडून मायला दाखवायच्या.

शेवटच्या वर्षी त्यांना जिप्सीतून दोघांनी उचलून खाली उतरवावं लागलं. गुडघे संपले होते. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं आणि मायला सांगायला लावलं, "मी आता येऊ शकणार नाही. इतकी वर्षं तुझ्या घरी जेवले. आता तू माझ्या घरी जेवायला यायचं. पंधरा दिवस तरी."

मी वाक्य पूर्ण करायच्या आधीच माय मान हलवत होती. आमच्याकडे असंच असतं. ज्याच्या घरचं खाल्लं, त्याला एकदा तरी आपल्या घरी जेवू घालावं लागतं, नाहीतर ते जिवाला लागून राहतं. "बाईले बरोबर समजते," माय म्हणाली. "येतो म्हणून सांग."

म्हणून आम्ही नागपूरला त्या ऑफिसात बसलो होतो. जाण्यायेण्याचं तिकीट, राहणं, खाणं सगळं आपण करू, असं पत्र बाईंनी सही करून पाठवलं होतं. एजंटनं ते वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"हे चांगलं आहे. पण अर्जदाराची स्वतःची ऐपत दिसली पाहिजे. अडीच-तीन लाख तरी खात्यात हवेत." मग तो थोडा पुढे झुकला. "नसतील तर आमच्याकडून व्यवस्था होते. रक्कम महिनाभर तुमच्या खात्यात राहील, नंतर आम्ही काढून घेऊ. तुम्ही फक्त आमचा चार्ज द्यायचा."

"म्हणजे भाड्यानं?" मायनं विचारलं.

"तसंच समजा."

माय उठलीच. परतीच्या बसमध्ये वरोऱ्याला तिनं कागदांची पिशवी माझ्याकडे दिली. मग म्हणाली, "भाड्याचे दागिने घालून त्या बाईच्या घरी जाऊ काय मी?"

पैशाचं मायनं गावात कोणाला सांगितलं नाही. बाबांनी सांगितलं, तेही जाळं ओढताना.

आमच्या तलावात मोठं जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं असतं. मासोळ्या पाळीवर ओततात आणि जेवढी घरं तेवढे ढीग करतात. एक जण तलावाकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर काठी ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून मोठा-लहान कोणाच्या वाट्याला आला यावरून भांडण होत नाही. जो आजारी आहे, जी बाळंतीण आहे, त्यांचाही ढीग पडतो. जाळ्याला हात लागला की नाही, हे कोणी विचारत नाही.

त्या दिवशी ढीग पडत असताना बाबांनी शेजारच्या काकूंना विषय सांगितला. काकू आमच्या गावच्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्या म्हणाल्या, "मंग इतका इचार कायचा? वाटा टाकू न आपण. जाऊन आली का घेऊ वापस."

मी चंद्रपूरला वर्गात होते. मायच्या खात्याला माझा नंबर जोडलेला आहे. सर घसारा शिकवत होते आणि माझा फोन बाकावर थरथरायला लागला. दोन हजार जमा. मग पाच हजार. मग पंधराशे. मला वाटलं काहीतरी फसवणूक चालली आहे. मग नावं दिसली. काकू. चक्कीवाले भाऊ. ज्या मावशीचं माझ्या मायशी गेल्या उन्हाळ्यापासून बोलणं बंद होतं, ती. मोहर्लीच्या सेवा केंद्रात एकामागे एक उभं राहून आमचं चाळीस घरांचं गाव अंगठा लावून पैसे टाकत होतं. गटानं आपल्या शिलकीतली मोठी रक्कम टाकली. दोन-तीन दिवस हे चाललं. बाबांनी दोन बोकड विकून आपली भर घातली. मी वर्गाबाहेर जाऊन जिन्याजवळ उभी राहिले. मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

एजंट स्टेटमेंट बघून म्हणाला, "अरे वा. झाली की व्यवस्था." त्यानं अर्ज भरला, फी घेतली. हे पैसे असे एकदम आलेले चालणार नाहीत, हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. व्हिसा मिळो न मिळो, फी त्याचीच होती.

नकार आला तो दोन वाक्यांचा. खात्यातली रक्कम अर्जदाराची स्वतःची आहे, याची खात्री पटत नाही. अर्जदार मुदतीत आपल्या देशात परत जाईल, याची खात्री पटत नाही.

मी ते पत्र पुष्कळदा वाचलं. खरं सांगायचं तर एकदा मला वाटून गेलं की त्यांचंही काय चुकलं. ज्या खात्यात कधी वीस हजार टिकले नाहीत, त्यात आठवडाभरात तीन लाख आले, तर वर्गात मीसुद्धा त्याला संशयास्पद व्यवहार असंच लिहिलं असतं. मग मला असं वाटल्याचाच राग आला. मी त्यांच्या डोळ्यांनी माझ्या गावाकडे बघायला शिकले होते, आणि त्याच शिकण्यासाठी मायनं माझं भाडं भरलं होतं. आणि परत येणार नाही म्हणजे काय? माझी माय मुक्कामाला म्हणून बहिणीकडे सावली गावाला गेली तरी दुसऱ्या दिवशी कोंबड्यांच्या नावानं परत येते.

एजंटनं फोनवर उपाय सांगितला. "पुन्हा अर्ज करू. ज्यांनी पैसे टाकले, त्या प्रत्येकाकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या की ही भेट आहे, परत मागणार नाही. मग रक्कम तुमच्या आईचीच झाली."

मी कागद करून गावी घेऊन गेले. संध्याकाळी सगळे पाळीवर जमले. काकू सगळ्यांत आधी पुढे आल्या.

"आण वो पोरी. कुठी कराची सही?"

"काकू, आधी ऐका तरी." मी वाचून दाखवलं. ही रक्कम मी प्रेमानं भेट दिली आहे. ती परत मागणार नाही. तिच्यावर माझा हक्क राहणार नाही.

"म्हणजे पैसे गेले?" चक्कीवाल्या भाऊंनी विचारलं.

"कागदावर गेले. खरे नाही गेले."

"अन् हे तिकडंच राह्यली तं? गोरा नवरा पाहून?" मागून एक आजी म्हणाली.

"तं याले पाठवू मागून, जाळं घेऊन," काकूंनी बाबांकडे हात केला.

"मले कोण व्हिसा देते?" बाबा म्हणाले. "माह्या खात्यात तं तुमचेबी पैसे नाई."

सगळे हसले. काकूंनी माझ्या हातातून पेन घेतलाही. तेव्हा माय पुढे आली आणि तिनं कागदावर हात ठेवला.

"तुह्या पोराची आयटीआयची फी भराची आहे यातून," ती काकूंना म्हणाली. "अन् तू लिहून देऊन राह्यली का मले वापस नाई पाह्यजे?"

"लिहाचंच तं आहे. कोण पायाले येते इथी?"

"मी पायतो ना," माय म्हणाली. "वाटा दिला तुमी. माहं काम झालं का तो तुमचा तुमाले. त्याले भेट मी नाई म्हणत."

तिनं कागद गोळा केले आणि मला दिले. काकूंनी पेन मला परत दिला. ज्या मावशीनं बोलणं बंद ठेवलं होतं, तीच म्हणाली, "जाऊ दे, तिचं बरोबर आहे."

घरी मी मायशी भांडले. इतकी कधी भांडले नव्हते.

"माय, एवढंसं खोटं. कोणाचं नुकसान नाही त्यात."

"खरे पैसे दाखवले तं त्यायनं मले खोटी ठरवलं," ती तांदूळ निवडत म्हणाली. "आता खरी ठराले खोटं लिहू?"

"तिकडं त्या बाई वाट बघत आहेत. त्यांचं वय बघ."

"माहीत आहे मले. तुह्यापेक्षा जास्त माहीत आहे."

मी दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला निघून गेले आणि दोन रविवार घरी आले नाही. एजंटवर ओरडता आलं नाही, त्या ऑफिसरचा चेहराही मला माहीत नाही. जिच्यावर ओरडता येत होतं, तिच्यावर ओरडले.

पैसे परत गेले. जसे आले तसेच, एकेका नावानं. मग बाईंना सांगायचं राहिलं होतं. व्हिडिओ कॉल मीच लावला, कारण इंग्रजी माझं. मी म्हटलं, पैसे मायचे आहेत असं त्यांना वाटत नाही. बाई म्हणाल्या, पण खर्च तर मी करणार आहे. मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, मग? मी ते दोन वाक्यांचं पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं.

बाईंनी ते वाचलं. मग काठी टेकत उठल्या आणि फोन घेऊन चालायला लागल्या. एक खोली दाखवली, पलंगावर चादर घातलेली. मग स्वयंपाकघर. तिथे ओट्याशेजारी जमिनीवर एक ठेंगणा लाकडी पाट होता, नवा, अजून पांढराच. माय खाली बसून चिरते, खाली बसून जेवते, हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं.

"पाट आणला वो बाईनं," माय म्हणाली. मग फोन माझ्या हातात देऊन ती मागच्या अंगणात गेली. मी बाईंना म्हटलं, तिला कोंबड्या कोंडायच्या आहेत. कोंबड्या केव्हाच कोंडल्या होत्या.

ऑक्टोबरात पार्क उघडलं. गेटवर आत जाणाऱ्याचं ओळखपत्र नावाशी आणि चेहऱ्याशी जुळवून बघावं लागतं. आपल्या लोकांचं आधार, परदेशी असेल तर पासपोर्ट. तिकीटवाला बघतो, पण जिप्सीत बसल्यावर मायही एकदा बघते, ती तिची सवय. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. माय फेरीवरून आली, कपडे बदलले आणि मासोळी साफ करता करता सांगायला लागली. आज त्या बाईंच्याच देशाचं जोडपं होतं. पासपोर्टाचा रंग दुरूनच ओळखला. साहेब बोलका होता. त्यानं विचारलं, तू कधी आमच्या देशात आली आहेस का? एकदा ये, फार सुंदर आहे.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणलं, येस सर. लुक लेफ्ट. सांबर."

बाबा कोपऱ्यात जाळ्याला गाठी मारत बसले होते. "विचाराचं होतं त्याले, खात्यात किती आहे म्हणून. वापस जाशीन काय, तेबी विचाराचं होतं."

"कायले?" माय म्हणाली. "पाहुणा होय तो."

मी मायसारखी नाही. मला विचारायचं आहे. त्या साहेबाला नाही, तो बिचारा चांगला असेल. पण ज्यानं ती दोन वाक्यं लिहिली, त्याला मोहर्लीच्या गेटवर उभं करून, त्याचा पासपोर्ट हातात धरून, मला विचारायचं आहे की तुझ्यासाठी चाळीस घरांनी कधी अंगठा लावला आहे का. मला माहीत आहे, असं कोणी विचारत नाही, आणि तो क्षण आलाच तर मला पुन्हा काही सुचणार नाही.

मायचा पासपोर्ट पेटीत, तिच्या लग्नाच्या शालूखाली आहे. आतली सगळी पानं कोरी. तो दहा वर्षं चालतो. बाई परवाच्या फोनवर खुर्चीत होत्या, चाकाच्या. मागे स्वयंपाकघर दिसत होतं आणि पाट तिथेच होता. मायनं मला हळूच सांगितलं, "त्यायले म्हण, पाट बाजूले करा. चाक अडते त्याले."

मी ते भाषांतर करून सांगितलं नाही.