वसंतरावांचं कुलूपबंद फोल्डर

वसंतराव आपल्या पेठेच्या फुटबॉल टीमचे कोच. आवाज असा, की गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जावा. पण बायको, प्रमोदिनीबाई, नेमकी पलीकडच्या पेठेतली आणि तिथल्या टीमचा कोच तिचाच भाऊ. म्हणून वसंतरावांनी डावपेचांचं फोल्डर कॉम्प्युटरवर तिच्यापासून लॉक करून ठेवलेलं.

त्याच टीमशी असलेल्या फायनलच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर बसला. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या अंतर नावाच्या पोरानं घरी येऊन नवीन विंडोज घातलं, आणि फोल्डर उघडेना. परवानगी नाही म्हणे!

"माझ्याच घरात मलाच परवानगी न्हाय?" वसंतराव गरजले.

"काका, जुनं खातं पुसलं गेलं. तुम्ही मैदानावर होता, म्हणून नवीन खातं काकींच्या नावानं उघडलंय. आता फोल्डरचा ताबा त्याच घेऊ शकतात."

प्रमोदिनीबाई पदराला हात पुसत आल्या. "आत काय हाय हो?"

"घरपट्टीच्या पावत्या."

प्रमोदिनीबाईंनी बटण दाबलं. मैदानाचे नकाशे, बाण, उद्याचा कॉर्नर, सगळं समोर! वसंतरावांनी झडप घालून स्क्रीन दोन्ही हातांनी झाकला.

"र्‍हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "रोज फोनवर पोरांना ओरडून सांगतासा की. पलीकडच्या पेठेपर्यंत ऐकू जातंय, दादाला सगळं पाठ हाय. फोल्डरला कुलूप घातलंसा, तोंडाला कधी घालणार?"