शकूची तर्जनी

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी मी दाढी करत असताना पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली." मी विचारले, "कधी?" तो म्हणाला, "पहाटे. झोपेतच." मी "निघतो" म्हणालो, राहिलेली अर्धी दाढी पुरी केली आणि निघालो. शकुंतला, म्हणजे आमची शकू, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. धाकटे माणूस आधी गेले तर मोठ्याने कसे वागायचे असते, हे मला कोणी शिकवलेले नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगले तेवढे लिहावे असा रिवाज आहे. शकूविषयी चांगले पुष्कळ आहे आणि ते लिहिणारे इतरही आहेत. मला लिहायचे आहे ते तिच्या पिस्तुलाविषयी आणि मी दिलेल्या एका निकालाविषयी.

आमचे गाव सायखेडा. मी सैन्यात गेलो आणि तीस वर्षे शस्त्रांची दुरुस्ती केली. निवृत्तीनंतर नाशिकला स्थायिक झालो. शकूला घोटीला दिली होती. तिच्या सासरची भाताची गिरणी गावाबाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला. गिरणीला लागूनच घर. मेहुणे अकाली गेले, तेव्हा भाचा प्रमोद अजून शाळेत होता. दिरांनी गिरणी विकण्याचा सल्ला दिला. शकूने त्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पट्ट्याला नवे बक्कल बसवून गिरणी सुरू केली. मेहुण्यांजवळ परवान्याचे बत्तीस बोअरचे जुने परदेशी पिस्तूल होते. ते तिने रीतसर अर्ज करून स्वतःच्या नावावर करून घेतले. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारले, "बाई, हे तुम्हाला चालवता येईल का?" ती म्हणाली, "साहेब, बारा माणसं न् एक गिरणी चालवते. हे तर मूठभर हाय."

चालवायला तिला मी शिकवले. कडकपणे शिकवले, हे कबूल करतो. शस्त्र रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहायचे, मग बोटाने चाचपायचे, आणि तरीही ते भरलेले आहे असे समजून धरायचे. निशाण ठरेपर्यंत बोट चापाबाहेर. ते कमरेला बाळगण्यासाठी तिने जाड कापडाची पिशवी स्वतः शिवली. ती पदराखाली अशी बसे की शेजारच्या बाईलाही कळू नये. पिशवीत दुसरी कोणतीही वस्तू ठेवायची नाही, अशी माझी ताकीद होती. "सुपारीचं खांड तरी ठेवू दे की रे, दादा." "नाही." "लय खडूस हायेस. वहिनी कशी नांदली तुझ्यासंगं, देवच जाणे." वर्षातून एकदा मी तिला नेमबाजीच्या मैदानावर नेत असे. तिचा नेम चांगला होता. मी तसे तिला कधी सांगितले नाही... कागदावरची भोके तिला दिसतच होती.

माणसावर ते चालवण्याची वेळ तिच्यावर आली नाही. एकदा भर दुपारी, कामगार जेवायला गेलेले असताना, तीन अनोळखी माणसे फाटकातून आत आली आणि मालक कुठे आहेत म्हणून विचारू लागली. शकू उंबऱ्यात उभी राहिली. उजवा हात पदराखाली. "मालक मीच. बसा, पाणी देते. फक्त हात मांडीवर दिसू द्या." ती माणसे पाणी न पिताच गेली. ही हकिगत तिने मला चार महिन्यांनी सांगितली, तीही बोलण्याच्या ओघात. मी विचारले, "बोट कुठे होते?" ती म्हणाली, "चापाबाहेर, गुरुजी."

पुढे तिची बोटे धरू लागली. संधिवात. पिस्तूल भरून वरचा भाग मागे खेचण्याचे काम ती तळहाताच्या जोरावर करी. अडचण तर्जनीची होती. त्या पिस्तुलाच्या पहिल्या बाराची ओढ लांब आणि जड आहे. चाप शेवटपर्यंत ओढायला बोटात ताकद हवी. त्याच सुमारास प्रमोदने पुण्यात घर घेतले आणि आईने तिकडे यावे असा आग्रह धरला. गावाबाहेर एकटी बाई राहते, याचा त्याला घोर होता. मायलेकांत अखेर तडजोड ठरली. पिस्तूल हाताळता येते तोवर शकूने घोटीला राहावे. हाताळता येईनासे झाले, की पुण्याला जावे. आणि ते ठरवायचे दादाने. हे शेवटचे कलम शकूनेच घातले. तिचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

ती नाशिकला आली ती मोबाईल पुढे करतच. परदेशात तयार होणारे, मूळ चापाच्या जागी बसवायचे चाप तिने व्हिडिओत पाहून ठेवले होते. तीन निवडले होते. "दादा, यातला कोणता बसवू ते सांग. साडी निवडायला नाय आले मी, तवा नीट बघ." मी नीट पाहिले. पहिला स्पर्धेतल्या नेमबाजांचा, अगदी हलका. तो मी तत्काळ बाद केला. कमरेला बाळगायच्या शस्त्राला जड चाप हेच कुलूप असते. दचकलेला हात आपोआप मिटतो आणि हलका चाप माणसाच्या इच्छेची वाट पाहत नाही. दुसऱ्याची ओढ आखूड होती, पण ताण जवळजवळ मूळचाच. त्याने तिचे काम झाले नसते. तिसरा रुंद व सपाट होता, ताण थोडा कमी, ओढ मात्र पूर्ण लांबीची. दुखऱ्या बोटाला टेकायला जागा मिळावी आणि कुलूपही शाबूत राहावे, असा. परवानगीचा अर्ज करून, परवानाधारक कारागिराकडून तो बसवून घेता आला असता. महिना-दोन महिने लागले असते. हे मला त्या क्षणी दिसत होते.

मी म्हणालो, "आधी आहे तो ओढून दाखव." पिस्तूल रिकामे असल्याची दोघांनी खात्री केली. भिंतीकडे तोंड करून तिने ते धरले. चाप अर्ध्यावर येऊन थांबला. दुसऱ्या खेपेला तिने तर्जनीवर मधले बोट चढवले. चाप आला, पण नळी भिंत सोडून कपाटाकडे वळली. तिसरी संधी मी दिली नाही. "नापास," मी म्हणालो. ती म्हणाली, "ते मलाबी दिसतंय. म्हणून तर चाप बघायला आले." मी सांगितले, "चाप बदलून बोट बदलत नाही. आता पुरे. पुण्याला जा." ती मोबाईल हातातल्या पिशवीत टाकून म्हणाली, "बरं. तू म्हनशील तसं."

आता जे तिला सांगितले नाही, ते लिहितो. आदल्या दिवशी प्रमोदचा मला फोन आला होता. "मामा, आई तुमचंच ऐकते. तुम्ही नाही म्हणालात तर सुटेल हा प्रश्न." मी "बघतो" म्हणालो होतो. शकू माझ्या दारात आली तेव्हा निकाल तयार होता. परीक्षा मी नंतर घेतली. तिने मला चापाविषयी विचारले. मी तिच्या राहण्याविषयी उत्तर दिले, आणि ते चापाविषयीचे आहे असे भासवले. सैन्यात एखाद्या कनिष्ठाने न तपासता शेरा मारला असता, तर मी त्याला दारातही उभे केले नसते.

पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करायला मी तिच्याबरोबर गेलो. हवालदार पावती लिहीत होता. ती त्याला म्हणाली, "भाऊ, तेल देत जा त्याला. गंज लय लवकर धरतो आमच्याकडं." गिरणी भाड्याने गेली. ती पुण्याला अकराव्या मजल्यावर गेली. प्रमोद आणि सूनबाई यांनी तिला काही कमी पडू दिले नाही. हे मी पाहिले आहे आणि त्यांना त्यात कोणताही दोष नाही. मी दर रविवारी फोन करी. "काय करतेस?" "बसलेय." एवढेच बोलणे होई. पूर्वी तिचा फोन आवरता आवरत नसे. ती वर्षभरही राहिली नाही. हृदय थांबले, असे डॉक्टर म्हणाले. ते खरेच असेल.

तेराव्यानंतर सूनबाईंनी मला गॅलरीत नेले आणि तारेवरून एक लाकडी चिमटा काढून हातात दिला, कपडे वाळत घालण्याचा. त्याच्या तोंडाशी रबरांचे जाड वेढे होते. "मामा, रोज दुपारी इथं बसून त्या हा दाबायच्या. अंगठा आणि पहिलं बोट. उघडता यायला लागला की एक रबर वाढवायचं. दुखायचं त्यांना, मी नको म्हणायचे. तर म्हणायच्या, दादाकडं फेरपरीक्षा हाय, या खेपेला त्याला नाय म्हणायला जागाच ठेवणार नाय." मी विचारले, "शेवटचे रबर कधी घातले?" त्या म्हणाल्या, "गेल्या, त्याच आठवड्यात."

चिमटा आता माझ्या खोलीत, खिडकीच्या गजाला दोऱ्याने अडकवलेला आहे. घरी आल्यावर मी तो अंगठा आणि तर्जनीत धरून दाबून पाहिला. दोनदा पाहिला. माझ्याच्याने उघडला नाही.

खिडकीत दुपारचे ऊन येते. उन्हाने रबर सुकते. परवा एक तुटून खाली पडले. बाकीची मी काढलेली नाहीत.