जा आणि थांब

चंद्रकांत पारसनीसांचा आवाज लखनौच्या सरोजिनी नगरमधल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीच्या ओळखीचा होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर सब्जीवाल्या भैयाशी ते अशा अदबीने हुज्जत घालत, की घरात त्यांची मुलगी सुनीती पोट धरून हसे. मग अर्धांगाचा झटका आला. समजत सगळं होतं. वाचा तेवढी गेली.

सुनीती तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेत पीएच.डी. करत होती. तिने विषयच बदलून घेतला. बोलता न येणाऱ्याने टॅबलेटवरच्या दोन-तीन चित्रांवर बोट ठेवायचं, वाक्य यंत्राने जुळवून बोलायचं. बाबांच्या बोलण्याला ती इतकी आसुसली होती, की यंत्राच्या सपाट आवाजातलं 'चहा हवाय' ऐकूनही तिला भरून आलं.

त्याच हिवाळ्यात तिला हॉलंडहून वर्षभराच्या संशोधनाचं बोलावणं आलं. तिने ते बाबांना सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने तीन चित्रं दाबली: मुलगी, जाणं, थांबणं.

"सुनीती, जाऊ नकोस. माझ्याजवळ थांब," यंत्र म्हणालं.

बाबांनी टेबलावर हात आपटला. डोळे डबडबले होते. तिला वाटलं, माया दाटून आली. तिलाही हेच ऐकायचं होतं. तिने नकार कळवून टाकला.

पुढे चाचण्यांसाठी ती अमीनाबादच्या एका आजींकडे जाऊ लागली. त्यांचीही वाचा गेलेली. यंत्र त्यांच्या वतीने सुरेख वाक्यं बोले आणि आजी कासावीस होऊन मान हलवत: नाही, नाही. यंत्र कुठे अडखळतच नव्हतं. म्हणून सगळे त्याच्यावर विश्वास ठेवत. सुनीतीच्या मनात चर्र झालं.

तिने यंत्राला आधी विचारायला शिकवलं. माणसाने होकार दिल्याशिवाय ते मोठ्याने बोलणार नव्हतं.

"इतनी देर कौन रुकेगा?" तिचे मार्गदर्शक सर म्हणाले.

"मैं रुकूँगी, सर."

घरी येऊन तिने ते बाबांसमोर ठेवलं. त्यांनी आपणहून पुन्हा तीच तीन चित्रं दाबली. पडद्यावर प्रश्न उमटला: 'जाऊ नकोस, थांब?' बाबांनी जोरात नकारार्थी मान हलवली. दुसरा प्रश्न आला: 'थांबू नकोस, जा?'

बाबांनी 'हो' दाबलं. दाबतच राहिले.

"अगं बाई!" आई पुटपुटली. "म्हणजे तेव्हाही हेच म्हणत होते?"

सुनीती बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसून राहिली.

प्रबंधात तिने बाबांना विचारून ही हकीकत लिहिली. हॉलंडला पुन्हा अर्ज केला, बोलावणं आलं आणि या वेळी तिने होकार कळवला. निघायच्या सकाळी टॅक्सी दारात आली तेव्हा टॅबलेट बाबांच्या मांडीवरच होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. ओठ हलले, एक घोगरा सूर निघाला. शब्द काही झाला नाही.

"चल बेटा, देर होतेय," आई म्हणाली.

सुनीती मात्र ते ओठ पुन्हा हलतील म्हणून उंबऱ्यातच थबकली होती.