हवेला विचारणारे मिस्त्री

२०१७ साल होतं आणि मी त्रेसष्ट वर्षांचा. बेसा गावातल्या बेकरीत भट्टीचं दार उघडण्याआधी मिस्त्री अगरबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरायचे. कोणी घाई केली की म्हणायचे, "थांब गा, हवेले विचारू दे."

गिऱ्हाइकांना वाटायचं, मोठा देवभक्त माणूस. डोंबलाचा भक्त! गल्लीतल्या गणपतीची आरती सुरू असली की हे मांडवाबाहेर विडी ओढत उभे. अगरबत्तीचा धूर फटीतून आत ओढला गेला, तर धुराडं नीट खेचतंय, दार उघडा. धूर तोंडावर आला, तर हवा उलटी फिरली आहे. तेव्हा दार उघडलं तर जाळ माणसावर येतो. एवढंच होतं ते. मी तिथं मैदा मळायचो. अकरा वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहिलो, म्हणून मला ठाऊक. आणि हे मी कोणाला माफ करायला लिहीत नाही, आधीच सांगतो.

माणूस तिरसट. टोस्ट करपला म्हटलं की, "मंग चहात बुडव ना बे!" पण पहिला गरम पाव रोज माझा. फाडून, दोन फुंका मारून द्यायचे. माझे दात गेलेले, म्हणून मधला मऊ भाग मला, कडा त्यांना. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आजूबाजूला फ्लॅट झाले. धुराची तक्रार आली. मालकाच्या भाच्यानं खिडक्यांवर फळ्या ठोकल्या आणि भिंतीत दांडगा पंखा बसवला. मिस्त्री त्याला म्हणाले, "बाबू, खिडक्या बंद, अन् हा हवा बाहेर फेकून राहिला. मंग खोली हवा कुठून घेईन? धुराड्यातूनच ना! भट्टीचं दार उघडं असलं की याले हात लावू नका."

भाचा हसला. "तुमची हवा मराठीत बोलते की हिंदीत, मिस्त्री?"

"तोंडावर आली की समजते."

एका दुपारी पंखा बंद होता. मिस्त्रींनी अगरबत्ती धरली. धूर आत गेला. दार उघडून ते टोस्टचे पत्रे काढायला वाकले. तेवढ्यात भाचा पाहुण्यांना बेकरी दाखवायला घेऊन आला. "फार गरम होतं हो इथं," म्हणत त्यानं पंख्याचं बटण दाबलं. "बाबू, नाही!" मी ओरडलो, तोवर भट्टीतला सगळा जाळ दारातून बाहेर आला.

मिस्त्री चौथ्या दिवशी गेले. घाटावर चिता अजून जळत होती आणि भाचा लोकांना सांगत होता, "म्हातारा अगरबत्तीच्या नादात भाजला. उद्या चौकशीला साहेब येतील, तेही हेच लिहितील."

राग मला फुकट घालवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी भट्टी पेटवली आणि दार लावून ठेवलं. साहेब आले, मागोमाग भाचा. जाळ पंख्यानं बाहेर आला, असं मी साहेबांना सांगितलं.

"पंख्यानं कुठं जाळ बाहेर येतो, साहेब?" भाचा म्हणाला.

मी बटणावर बोट ठेवलं. "नाही येत ना? मंग मी पंखा लावतो. बाबू, तुम्ही दार उघडा."

सगळे कामगार काम सोडून बघत होते.

"हे काय नाटक आहे?"

"काहून, भेव लागते? वाका ना, मिस्त्री वाकले तसे."

तो मागं सरकला, अडखळला आणि मैद्याच्या पोत्यावर बसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि माझा जबाब लिहायला घेतला. बटण कोणी दाबलं, कोणत्या हातानं, दाबताना काय म्हणाला, सगळं सांगितलं. वाचून दाखवल्यावर त्यांनी अंगठ्याची शाई पुढं केली. मी ती परत सारली आणि पेन मागितलं. सही करायला मला वेळ लागतो. एकेक अक्षर काढत माझं नाव लिहिलं, मग बापाचं.

भाचा उठायला लागला.

"बसा बाबू," मी म्हणालो, "अजून आडनाव राह्यलं."