सोडियम कमी भरलं तेव्हा

"पिशवी उलटी कर."

लॅबच्या टेबलावर माझी पिशवी उलटी झाली. डबा आपटला, भाकरी बाहेर आली. जर्नल. कंगवा. आणि पाळीचा घडी केलेला जुना कपडा. सगळा वर्ग बघत होता. मुलंसुद्धा.

"सोडियमच्या बाटलीतले तुकडे कमी झालेत," मॅडम म्हणाल्या. वर्ग भरलेला होता. झडती फक्त माझी.

चंदीगडमध्ये तेव्हा, पंजाबातल्या दहशतवादाच्या वर्षांत, चौकाचौकात वाळूची पोती होती, बंदुका होत्या. पोलीस बस थांबवून सामान उचकायचे. अशात पाण्यात पडला की भडकणारा धातू लॅबमधून गेला म्हणजे थेट पोलीस. माझे वडील लष्करात हवालदार. मॅडमचे मिस्टर त्याच युनिटात मोठे साहेब. माझ्यावर आळ आला असता तर घर रस्त्यावर आलं असतं.

आम्ही नांदेडकडचे. मॅडम पुण्याच्या. त्या मराठी आहेत हे कळलं तेव्हा मी हरखले होते. इतक्या लांब आपलं माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मी सांगितलं. त्यांचं हसू तिथंच थांबलं.

बी.एस्सी.ला आम्हाला सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन आहे का, गंधक आहे का, क्लोरीन आहे का, हे शोधायचं असे. रॉकेलमधला सोडियमचा तुकडा टिपकागदावर कोरडा करायचा. बारीक नळीत पदार्थाबरोबर वितळवायचा. नळी लालभडक झाली की बशीतल्या पाण्यात बुडवून फोडायची. ते पाणी उकळून गाळायचं आणि मग त्याच्यात एकेक परीक्षा करायची. वर्षभर मला सोडियमला हात लावू दिला नाही. "तू बश्या धू. तुला सवय असेल," मॅडम म्हणायच्या. मराठीत, हळू आवाजात, हसून. बाकीच्यांना वाटे, दोघी गावाकडच्या गप्पा मारतायत.

पिशवीत सोडियम नव्हतं. तरी मॅडम जर्नलची पानं झटकत राहिल्या. माझ्या शेजारची हरप्रीत उठली. तिच्या भावाला पगडी बघून नाक्यावर खाली उतरवून तपासायचे, हे ती मला सांगायची. तिनं आपली पिशवी टेबलावर ठेवली.

"मेरा भी देख लो, मैडम."

"तुम्हारा नहीं चाहिए."

रस्त्यावर पोलीस संशयानं बघायचे ते तिच्या घरच्यांकडे. इथं मात्र मी. हा संशय पंजाबातला नव्हताच. मॅडमनी तो घरून बांधून आणला होता.

तेवढ्यात लॅब असिस्टंट आला. त्यानं सांगितलं, सकाळी मॅडमनीच दुसऱ्या बॅचसाठी तुकडे काढून दिले होते. विसरल्या होत्या.

मॅडम माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. तुम्हा लोकांचं माहीत असतं, म्हणून वाटलं. चल, बश्या घे धुवायला."

तो कपडा अजून टेबलावर होता. मी उचलला, पिशवीत ठेवला. मग वर्गाकडे वळले.

"मैडम मराठी में कह रही हैं, तुम लोगों का पता रहता है, इसलिए शक हुआ. तुम लोग मतलब महार. मैं महार हूँ. साल भर से मुझसे बर्तन धुलवाती हैं. अब नहीं धोऊँगी. पहले सबके सामने माफ़ी माँगिए."

"गप्प बस," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या बापाला साहेबांपुढे उभं करीन."

मी तेही हिंदीत सांगितलं.

मॅडम बाहेर निघून गेल्या. मी बाटली उघडली, तुकडा काढला, कोरडा केला. माझी पहिली नळी पाण्यात फुटली. गाळलेल्या पाण्यात लेड अ‍ॅसिटेट टाकलं. तळाशी काळा साका उतरला. गंधक. जर्नलमध्ये लिहिलं.

साहेबांनी बाबांना बोलावलंच. बाबा घरी आले ते बूटसुद्धा न काढता बसले.

"बंगल्यावर जा. पाय धर त्यांचे. माझी पेन्शन जवळ आलीय."

"तुम्ही सॅल्यूट करा बाबा, ती तुमची नोकरी आहे. मी जाणार नाही."

त्यांनी हात उगारला. मी मागं सरले नाही. न मारताच हात खाली आला. मग कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

प्रॅक्टिकलला मला पासापुरते मार्क मिळाले. बाबांची मध्येच सीमेवर बदली झाली. आई त्याचं खापर माझ्यावर फोडत राहिली. मॅडमनी माफी मागितली नाही. बाबांचं मला वाईट वाटतं. पण जे केलं त्याचं वाईट वाटत नाही.

आजही कुणी मला बाजूला घेऊन, आपलं माणूस असल्यासारखं, हळू आवाजात माझी जागा दाखवू लागलं की मी थांबवते. म्हणते, मोठ्यानं बोला. नाहीतर मी बोलेन.