पुसलेल्या हुकुमाखालचं उत्तर

शाहीन आपांचं नाव आधी घेते. आपा नांदेडच्याच. आजोबांपासून शिलाईचं दुकान असलेल्या घरातल्या. मी शिपायाचं काम करायचे त्या कोचिंग क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतात. ऑफिसच्या कामाचं अ‍ॅप माझ्या मोबाईलवर त्यांनी टाकून दिलं, शिकवलं. त्या नसत्या तर मी त्या दिवशी सही करून मोकळी झाले असते.

"चौथी शिकलेल्या बाईला लॉगिन कुणी दिलं?"

डायरेक्टर सर मिटिंगमध्ये म्हणाले. सगळा स्टाफ खुर्च्यांवर. मी भिंतीला टेकून उभी. कुणीतरी हसलं. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोडक्या पंख्याबद्दल बोलावं तसं बोलत होते.

झालं होतं ते असं. रविवारच्या परीक्षेत बारा नंबरच्या हॉलात अकरावीची पोरं, आणि त्यांच्या हातात बारावीचे पेपर. बारावीचा तो लाल पट्टीचा गठ्ठा मी नेऊन दिला होता. पालक ऑफिसात येऊन भांडून गेले. पण लाल पट्टी द्या असं सकाळी सरांनीच अ‍ॅपवर लिहिलं होतं.

ते अ‍ॅप मला का आवडायचं, ते सांगते. भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी चौथीत. लातूरकडचं गाव. शाळा सुटली ती सुटलीच. पत्र्याच्या शेडसाठी याद्या होत होत्या. एक साहेब बापाला म्हणाला, तुझं नाव घेतलंय, जा. आठ दिवसांनी तोच म्हणाला, मी कधी म्हणालो? बापाकडे कागद नव्हता. तो हिवाळा आम्ही गोणपाटाखाली काढला.

क्लासातही तेच. हुकूम जिन्यावरून ओरडून यायचे. चुकलं की माझ्यावर. मग आपांनी अ‍ॅप दाखवलं. म्हणाल्या, "बघ गं, कोण काय बोललं ते यात वेळेसकट राहतं. नंतर कुणी मुकरू शकत न्हाई."

लई वेड लागलं मला. पाण्याची टाकी भरली, खूण कर. खडू वाटले, खूण कर. हिरवी खूण उमटली की जिवाला गार वाटायचं. वॉचमन मामा चिडवायचे, "काय मॅडम, झाडू पण ऑनलाइन मारून राहिल्या का?" मी म्हणायचे, "हाव मामा. तुमची झोप बी टाकते त्यात."

आणि आता सरांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. दोनच वाक्यं. चूक माझी. आणि शाहीन मॅडमनी न विचारता लॉगिन दिलं. आपा मान खाली घालून बसल्या होत्या. सर म्हणाले, सही कर, नोकरी राहील. जिन्याखालची माझी खोलीही क्लासचीच होती. या गावात दुसरं दार मला माहीत नव्हतं.

मी मोबाईल उघडला. सकाळचा हुकूम गायब. तिथं एवढंच, हा मेसेज काढून टाकला आहे. बापाचं तोंड दिसलं.

मग खाली बघितलं. माझं उत्तर तसंच होतं. 'हो सर, बारा नंबरला लाल पट्टी देते.' वेळ सकाळची, सहा बेचाळीस. ते पुसायचं त्यांना सुचलंच नव्हतं. माझं उत्तर त्यांनी कधी वाचलंच नसेल.

मोबाईल टेबलावर ठेवला. मी म्हणाले, "सर, माझं उत्तर इथं हाय. मग ते मी कुणाला दिलं?"

या वेळी कुणी हसलं नाही.

"बाहेर हो," सर म्हणाले.

सही न करताच कागद तिथं ठेवून बाहेर आले. संध्याकाळपर्यंत खोली गेली, लॉगिन गेलं. माझी सही नाही म्हणून आपांची खुर्ची अजून आहे. किती दिवस, माहीत नाही.

आता एका मेसमध्ये पोळ्या लाटते. कधी काढतील या भीतीनेच सकाळी जाग येते. तरी तोंडी हुकूम घेत नाही. लिहून द्या म्हणते. मालक चिडतो. चिडू दे. नाही लिहिलं तर मी वहीत लिहिते, वेळ टाकते, त्याला दाखवते.

आपा, उद्या तुमच्यापुढे तसला कागद सरकवला तर मला बोलवा. मी येईन, त्याच भिंतीपाशी उभी राहीन, पण साक्ष लेखी देईन. त्या दिवशी राखलेली सही तुमच्यासाठी करीन.